पाथर्डीची, कोपरगावची आणि घरची

नेवाशात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो, त्या काकांच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते. चांगले जाडजूड, प्रत्येकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. त्यांतल्या दोन खिळ्यांवर दोन इलेक्ट्रिक गिटारी लटकत होत्या आणि बाकीचे सगळे मोकळे होते. मी खोली बघायला गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, रंगकाम काढलंय वाटतं?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पहिल्या मोकळ्या खिळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही पाथर्डीची."

मी खिळ्याकडे बघितलं. खिळाच होता.

"ही कोपरगावची," ते पुढच्या खिळ्याकडे सरकले. "ही राहुरीची. हिची मान जरा वाकडी होती, पण खालच्या तारेचा आवाज असा, की..." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. समोरचा माणूस डोळे मिटून उभा असताना आपण टक लावून बघत राहणं बरं दिसत नाही, म्हणून मीही मिटले.

आतून काकूंचा आवाज आला, "आवो, त्यांना खोली दावा आदी. खिळं काय पळून चाललेत का?"

चहा घेऊन बाहेर आल्यावर काकूंनीच खुलासा केला. "हातच्या गेलेल्या गिटारी हायत त्या. ज्या घरात हायत त्यांचं नाव न्हाई, ज्या गेल्या त्यांचं दिवसभर चालू आसतंय. ऱ्हायचं आसंल तर तेवढं आइकावं लागंल." मी जनावरांचा डॉक्टर. दिवसभर न बोलणाऱ्या पेशंटांत काढायचा, संध्याकाळी कोणी बोलणारं असलं तर बरंच, असा विचार करून राहिलो.

काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी नोकरी सांभाळून ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम, भाद्रपदात गणेशमंडळं, दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू होताना साखर कारखान्याच्या मोळीपूजनानंतरची करमणूक, जिथून बोलावणं येईल तिथे जायचं. पुढे कीबोर्ड आला, मग डीजे आला, ऑर्केस्ट्रा मोडला आणि काकांचं वाजवणं सुटलं. वेड तेवढं राहिलं. त्यातही नावाजलेल्या कंपनीची गिटार त्यांना चालायची नाही. "तिला गिऱ्हाईक मिळतंच हो," ते म्हणायचे. "तिचे फोटो पोरं भिंतीला लावतात. आता ही बघा. हिच्या कंपनीचं नाव तुम्ही ऐकलंय? नाही ना? कोणीच ऐकलेलं नाही. मग हिच्याकडं बघायचं कोणी?"

हे ते भिंतीवरच्या रशियन गिटारीबद्दल बोलायचे. ती इतकी जड होती की गळ्यात अडकवली की माणूस आपोआप नमस्काराला वाकायचा. तिच्यावरची अक्षरं रशियन, त्यामुळे कोणतं बटण काय करतं हे काकांना कधी कळलं नाही, आणि बनवणाऱ्यांना तरी कळलं होतं का याची त्यांना शंका होती. दुसरी पूर्व जर्मनीची. तो देशच आता नकाशावर नाही, याचा काकांना कोण अभिमान. "कंपनी बंद पडलेल्या गिटारी पुष्कळ मिळतील तुम्हाला. देश बंद पडलेली दाखवा एखादी."

घरात तिसरीही एक होती. कलकत्त्याला बनलेली, काळी, कडेकडेने रंग उडून लाकूड दिसायला लागलेली. ऑर्केस्ट्रात काका हीच वाजवायचे. तिला मात्र खिळा नव्हता. दाराच्या मागे काकूंच्या छत्रीशेजारी ती उभी असायची आणि काकू केर काढल्यावर तिच्यावरून फडकं फिरवायच्या. मी एकदा तिची चौकशी केली, तर काका म्हणाले, "ती काय, घरचीच." आणि राहुरीची मान वाकडी कशामुळे झाली असावी, याकडे वळले.

वाजवून दाखवा म्हटलं की ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिलेला असायचा. तो मी यायच्या कितीतरी आधीपासून दुरुस्तीला होता आणि दुरुस्त करणारा दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता.

एवढ्या सगळ्या गिटारी हातच्या गेल्या कशा, याचं कारण काकांच्या एकाच शब्दात होतं. तो शब्द म्हणजे "कळवतो." काका अमावस्या मानत नसत, मुहूर्त मानत नसत, मांजर आडवं आलं तर थांबून त्याला आधी जाऊ द्यायचे. पण गिटार बघायला गेल्यावर तिथल्या तिथे हो म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मुलगी बघायला जावं तसं जायचं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आधी हवापाण्याच्या गप्पा. मग गिटार बघायची, तीही ओझरती, कारण फार बघितलं की समोरच्याला आपल्या मनातलं कळतं. पोहे खायचे, चहा घ्यायचा आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, "छान आहे. कळवतो."

"पण काका, आवडलेली असताना?"

"आवडली असली तरच," काका म्हणायचे. "माझ्या टेबलावर कागद आला तर मी त्याच दिवशी सही करत नव्हतो. कागद चोख असला तरी. लगेच सही केली की लोकांना वाटतं, ह्याचं ह्यात काहीतरी आहे. गिटारीचं तेच. आपण चटकन हो म्हटलं, की देणाऱ्याला वाटतं आपण काय देऊन बसलो."

कोपरगावची अशीच गेली. तिथल्या एका फोटो स्टुडिओत लाल रंगाची झेक गिटार होती. वाजवायला नव्हे, फोटोला. गावोगावचे तरुण यायचे, ती गळ्यात घालून एक पाय स्टुलावर ठेवायचे आणि फोटो काढून जायचे. काकांनी ती बघितली, जवळून बघता यावी म्हणून स्वतःचाही फोटो काढून घेतला आणि कळवतो म्हणून आले. विचार पूर्ण करून ते परत गेले, तेव्हा स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. दुकानदाराने त्यांना मोबाईलचं कव्हर दाखवलं. आता उरलाय तो फक्त फोटो. त्यात काका कॅमेऱ्याकडे न बघता गळ्यातल्या गिटारीकडे बघताहेत. काकू तो फोटो पुसताना म्हणायच्या, "लग्नाच्या फोटोत बी माझ्याकडं आसं बघितलं न्हाई."

पण खरी जखम पाथर्डीची. भिंतीवरचा पहिला खिळा तिचा होता आणि तो बाकीच्यांपेक्षा जरा वर ठोकलेला होता.

काकांची पाथर्डीला बदली होती तेव्हाची गोष्ट. निवडणुकीच्या कामासाठी ते एका वाडीवर गेले होते. एका घरातून तारांचा आवाज आला म्हणून डोकावले, तर ऊसतोडीला जाणारा एक गडी बाजेवर बसून गिटार छेडत होता. त्याचा चुलता मुंबईला कुठल्याशा हॉटेलात वाजवायचा, त्याच्याकडून आलेली. जपानी, मोरपंखी रंगाची. बहुतेक गिटारींना तारांखाली आवाज पकडणाऱ्या दोन पट्ट्या असतात, हिला चार होत्या, आणि त्यांच्या खाली पांढऱ्या बटणांची रांग. "घरातला लाईटचा बोर्डच," काका सांगायचे. खालच्या कोपऱ्याला बिडीने पोळल्याचा डाग होता. त्या डागाचं वर्णन ते असं करायचे की ऐकणाऱ्यालाही आपल्या गिटारीला एखादा डाग हवा होता असं वाटावं.

गडी म्हणाला, "न्या सायेब. आमी दिवाळी झाली की तोडीला जानार. हिला कुठं वागवू?"

काका म्हणाले, "छान आहे. कळवतो."

दिवाळी झाली, फराळ संपला, काकांचा विचार पक्का झाला. ते वाडीवर गेले तर घराला कुलूप. टोळी कोपरगावकडे गेली आणि गिटारही टोळीबरोबर गेली. मग काकांनी रजा टाकली आणि ऊसतोडीच्या हंगामात स्कूटरवरून फडामागून फड पालथे घातले. गिटारीसाठी तहसीलचा माणूस उन्हातान्हात हिंडेल यावर कोणाचा विश्वास बसेना. लोकांनी धरलं की गिटार हे नुसतं निमित्त आहे, चौकशी दुसरीच असणार. काका दिसले की टोळीचा मुकादम उसात शिरायचा. एका मुकादमाने त्यांना उसाचा रस पाजला आणि न विचारताच सांगितलं, "सायेब, माझ्या टोळीत ल्हान पोरं कामाला न्हाईत." काका म्हणाले, "मी गिटार शोधतोय." तो म्हणाला, "व्हय व्हय, आमाला समजतंय की."

उन्हाळ्यात तो गडी परत आला तो हात हलवत. अवकाळी पावसात त्यांची पाचटाची कोपी पडली होती, एका शेतकऱ्याने आठ दिवस गोठ्यात आसरा दिला, निघताना गिटार तिथेच देऊन टाकली. कोणत्या गावात, ते त्याला नीट सांगता येईना. नदीकाठी, एवढं आठवत होतं. काकांनी पुढची कित्येक वर्षं सुट्टी मिळाली की गोदाकाठ धुंडाळला.

मी राहायला आल्यावर काकांना माझ्या धंद्याचा उपयोग ध्यानात आला. जनावरांचा डॉक्टर घरोघरी जातो, थेट गोठ्यापर्यंत जातो आणि त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. "गाय बघता बघता जरा माळ्यावर नजर टाकत जा," ते सांगायचे. मी टाकायचो. माळ्यांवर मला बैलगाडीची चाकं दिसली, तुटके पाळणे दिसले, एकदा एक हार्मोनियम दिसला. घरी येऊन काकांना सांगितलं तर त्यांनी हार्मोनियमबद्दल दोन मिनिटं सहानुभूती दाखवली.

आणि एका सकाळी प्रवरेच्या काठावर, नेवाशापासून स्कूटरवर चहा निवायच्या आत पोहोचावं एवढ्या अंतरावर, एका वस्तीवर मला बोलावणं आलं. गाय वैरण खात नव्हती. वस्तीवरच्या बाईंना सगळे आक्का म्हणत. मी तपासून औषध दिलं, तोवर धारेची वेळ झाली. आक्कांनी बादली ठेवली, गोठ्याच्या छपराला आधार देणाऱ्या मेढीवरून गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू काढली, गोणपाट बाजूला केलं आणि अंगठ्याने तीन-चारदा तारा छेडल्या. वीज नाही, स्पीकर नाही, नुसता पत्र्यावर चमचा पडल्यासारखा आवाज. पण गायीने कान टवकारले, मान सैल सोडली आणि पान्हा सोडला. आक्का वस्तू परत मेढीला अडकवून धारेला बसल्या.

मोरपंखी रंग, चार पट्ट्या, पांढरी बटणं. मी जवळ जाऊन डाग बघितला. होता.

"आक्का, ही काय आहे?"

"ही व्हय? ही पानवायची," आक्का धार काढता काढता म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी तोडीवाल्यांना गोठ्यात ठेवलं हुतं, त्येंची. त्यो गडी सांजच्याला गाईपशी बसून वाजवायचा. तवाच्या गाईला सवय लागली, मग तिच्या कालवडीला लागली, आन ही तर तिची नात. हिच्याबिगर थेंब देत न्हाई."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा काका दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून विचारलं, "डाग?"

"आहे."

ते मोरीच्या कठड्यावर बसले. गालावरचा साबण वाळायला लागला, तेव्हा म्हणाले, "बरं. जरा विचार करू." काकू लेकीकडे श्रीरामपूरला निघाल्या होत्या, पिशवी भरत होत्या. ती तशीच टाकून त्या बाहेर आल्या. "इच्यार? आता? उठा तुमी. आज जाऊन हो म्हनून या. त्यो एक खिळा भरला म्हंजी माझ्या कानाची कटकट मिटंल." मग डॉक्टर, तुमीच जावा ह्यांच्यासंगं, असं मला बजावून त्या बसला गेल्या.

काका इस्त्रीचा शर्ट घालून वस्तीवर आले. आक्कांनी पोहे केले. काका हवापाण्यावर बोलले, प्रवरेच्या पाण्यावर बोलले, आणि मग आक्कांनी गिटार त्यांच्या हातात दिली. ओझरतं बघण्याचा त्यांचा नियम तिथेच संपला. ते त्या डागावरून बोट फिरवत राहिले आणि पोहे गार झाले. त्यांचे डोळे भरून आले, हे मी बघितलं आणि गायीकडे वळलो.

"न्यायची आसंल तर न्या काका," आक्का म्हणाल्या. "मला तिचं काय कौतिक न्हाई. पन माजी गाय कशावर पानवू?"

"मी दुसरी देतो," काका म्हणाले. "माझ्याकडं आहेत. गायीला पसंत पडेल ती ठेवून घ्या. हो. ठरलं." जन्मात पहिल्यांदा ते उंबऱ्यापर्यंत जायच्या आत हो म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकले.

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी आम्ही गिटारी घेऊन गेलो. रशियन माझ्या पाठीवर, जर्मन काकांच्या. निघता निघता मीच विचारलं, "दारामागची?" काका म्हणाले, "ती काय, घरचीच. असू द्या जोडीला." ती स्कूटरच्या पुढे उभी केली.

सगळ्यात आधी रशियन. काकांनी छेडली, गायीने मागे वळून काकांकडे बघितलं आणि शेण टाकलं. आक्का म्हणाल्या, "न्हाई." जर्मन वाजली तेव्हा गायीने बादली उडवली. काका त्या गिटारीची बाजू घेऊन काहीतरी सांगायला लागले, पण गायीचं मत झालेलं होतं. मग त्यांनी काळी गिटार मांडीवर घेतली. आधीच्या दोन्ही त्यांनी नुसत्या छेडल्या होत्या. ही हातात आली तशी त्यांची बोटं आपल्या आपणच चालू लागली, आणि ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी वाजवायची ती जुनी चाल निघाली. पुढे काय येणार हे बोटांना माहीत होतं, काका नुसते बसले होते. गायीने रवंथ थांबवलं, डोळे अर्धे मिटले आणि आक्कांनी हात लावायच्या आत दूध ठिबकायला लागलं.

"ही चालंल," आक्का म्हणाल्या.

"ठेवा, ठेवा," काका म्हणाले, आणि पाथर्डीची छातीशी धरून स्कूटरकडे निघाले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस ते भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. ज्यांना आजवर खिळा दाखवला होता त्यांना बोलावून गिटार दाखवली. लोक म्हणत होते, छान आहे. मला मात्र वाटलं, खिळा मोकळा होता तेव्हा काका तिच्याबद्दल जास्त चांगलं बोलायचे.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आली का शेवटाला. बरं झालं." मग छत्री ठेवायला दाराच्या मागे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"हितली कुठं हाय?"

काका चष्मा पुसायला लागले. "दिली."

"कुनाला?"

"गायीला."

मी हसू आवरण्यासाठी चप्पल शोधायला लागलो. पण काकूंचा चेहरा बघितला आणि हसू आपोआप गेलं. त्यांनी छत्री तिथेच टेकवली, आत गेल्या, आणि त्यानंतर काकांशी त्यांचं बोलणं जेवायला चला एवढ्यावर आलं.

त्यांनी मला सांगितलं ते काही दिवसांनी, परसात लसूण निवडताना. "आमच्या गावात जयंतीला ह्यांचा आर्केस्ट्रा आल्ता. गानं रंगात आलं आन लाईट गेली. समदे थांबले. हे मागं हुभे, हीच काळी गिटार गळ्यात. ह्यांना पत्ताच न्हाई. माईक बंद, गिटार मुकी, आन ह्यांची बोटं चालूच. म्हनलं, ह्यो मानूस कुनासाठी वाजवतोय. मी हसले. कुनीतरी कंदील आनला तवा ह्यांनी वर बघितलं." त्या थोडा वेळ लसूणच निवडत राहिल्या. "मग बघायला आले. पोहे खाल्ले आन उंबऱ्यात हुभं राहून म्हनले, कळवतो."

"काय सांगता?"

"माझ्या बापानं वाट बघून दुसरीकडं जमवत आनलं हुतं. मीच भावाला धाडलं. म्हनलं सांग जाऊन, कळवायचं आसंल तर आज कळवा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. तवा कुठं आले." त्यांनी सालं एका बाजूला केली. "येवढ्या गिटारी घालवल्या, मी कवा मनाला लावून घेतलं न्हाई. जी एक माजी हुती ती घालवायच्या टायमाला मातूर लगीच हो म्हनले."

हे मी काकांना सांगितलं नाही, पण त्यांना ते माझ्याआधीच कळलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाथर्डीची भिंतीवरून काढली, टॉवेलात गुंडाळली आणि वस्तीवर नेली. मी बरोबर होतो. आक्कांपुढे ती ठेवून म्हणाले, "ही ठेवा परत. माझी द्या."

आक्कांनी त्यांचं ऐकून घेतलं, पण मान हलवली. "काका, गाय आता हिच्यावं बसली. दूध बी वाढलंय. परत बदलली तर ती बुजंल." त्यांनी काळी गिटार मेढीवरून काढून काकांच्या हातात दिली. "दिल्याघेतल्याचं माघारी नगा नेऊ. वाजवायचं आसंल तर सकाळचं येत जावा. धारेच्या वक्ताला. दूध बी हितनंच नेत जावा."

मग काका रोज सकाळी किटली घेऊन निघायला लागले. घरासमोर पिशवीचं दूध मिळत होतं, पण काका वस्तीवर जायचे. पाथर्डीची पुन्हा भिंतीवर गेली, तिच्याबद्दल ते कोणाला काही सांगेनासे झाले. बोटं आखडलेली होती, ती हळूहळू मोकळी होत गेली. काकू बघत होत्या आणि विचारत नव्हत्या. एके दिवशी काकांनी स्कूटर चालू केली तर काकू मागे येऊन बसल्या. "दुधात पानी घालत्यात का बघून येते," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी वस्तीवर नव्हतो, पण आक्कांनी सांगितलं. काकू उलट्या घमेल्यावर बसल्या, काकांनी ती जुनी चाल वाजवली, गायीने दूध दिलं. वाजवून झाल्यावर काकू म्हणाल्या, "मधलं चुकलं." दुसऱ्या दिवशी काकांनी मधलं बरोबर वाजवलं. काकू उठताना म्हणाल्या, "आता जमलं," आणि किटली त्यांनी स्वतः उचलली. महिनाभरात काकूंचं काकांशी पहिल्यासारखं बोलणं सुरू झालं, म्हणजे दिवसभर टोचून.

पुढे माझी बदली झाली. सामान बांधायच्या आधी मी एकदा वस्तीवर चक्कर मारली, कारण आक्कांची गाय गाभण होती आणि दिवस भरत आले होते. तिचं दूध बंद करायला मीच सांगितलेलं होतं. तपासलं, सगळं ठीक होतं.

"धार बंद केलीत ना, आक्का?"

"कवाच. महिना झाला आसंल."

तेवढ्यात रस्त्यावरून स्कूटरचा आवाज आला. काका आणि काकू, मध्ये किटली. काका सरळ गोठ्यात जाऊन गायीपुढे बसले, काळी गिटार मांडीवर घेतली. काकूंनी घमेलं उलटं केलं. आक्का किटली घेऊन पलीकडे म्हशीकडे निघाल्या, मी त्यांच्या मागे गेलो.

"त्यांना सांगितलं नाही का, गाय आटली म्हणून?"

"त्येंला दिसतंय की, डॉक्टर. गाईच्या म्होरंच बसत्यात." आक्का म्हशीखाली बसल्या. "मी म्हशीचं घालते, त्ये गाईचं म्हनून नेत्यात. इचारत कुनीच न्हाई."